पांढरी साडी, काळा कोट आणि धुण्याची बादली

परवा नात्यातल्या एका लग्नात जेवताना विषय निघाला. माझ्या पुतण्याच्या सासूबाई नुकत्याच चार दिवस ॲडमिट होत्या. त्यावरून पुतण्या म्हणाला, "काकू, तुमच्या वेळच्या सिस्टर कशा पांढऱ्याशुभ्र साडीत, डोक्यावर टोपी. बघूनच अर्धा आजार पळायचा. आता सगळ्या त्या निळ्या-हिरव्या पायजम्यात. सिस्टर कोण, मावशी कोण, टेक्निशियन कोण, काही कळत नाही बघा."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात मी ती पांढरी साडी नेसले. ती लांबून कशी दिसते हे पुतण्याला माहीत आहे. ती धुवायची कोणी, हे त्याला कोणीच कधी सांगितलेलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, पण सवडीने वाचा.

सुरुवात डॉक्टरांपासून करते, कारण पांढरा रंग आधी त्यांचाही नव्हता.

आज डॉक्टर म्हटलं की पांढरा कोट डोळ्यांसमोर येतो. पण १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले डॉक्टर काळा कोट घालून काम करायचे. आजार, मृत्यू हा गंभीर मामला, प्रतिष्ठित माणसाने गंभीर प्रसंगी काळं घालायचं, एवढाच त्यामागचा विचार. सर्जनसुद्धा त्याच कोटात शस्त्रक्रिया करायचे. कोटावर रक्त-पू वाळून कडक झालेला असायचा आणि त्याची लाज नव्हती. उलट जितका कोट मळका तितका माणूस अनुभवी, असा समज.

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांनी क्लोरीनच्या चुन्याने हात धुतले, तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्या हातांनी माणसं मरतात हे कोणाला ऐकायचं असतं? पुढे पाश्चरने जंतूंचा सिद्धांत मांडला आणि १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवता येतात हे प्रसिद्ध केलं. मग हळूहळू मत बदलायला लागलं.

हा बदल पाहायचा असेल तर थॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराची दोन चित्रं इंटरनेटवर शोधा. दोन्ही फिलाडेल्फिया शहरातली. पहिलं १८७५ सालचं, डॉ. ग्रॉस यांच्या शस्त्रक्रियेचं. सगळे डॉक्टर काळ्या कोटात, हात रक्ताने माखलेले. दुसरं १८८९ सालचं, डॉ. ॲग्न्यू यांचं. डॉक्टर पांढऱ्या कपड्यांत आणि शेजारी टोपी घातलेली नर्स उभी. मध्ये फक्त १४ वर्षं. हातमोजे आणि मास्क मात्र दुसऱ्या चित्रातही नाहीत, ते अजून यायचे होते.

पांढरा निवडला कारण त्यावर घाण दिसते. दिसली की बदलावी लागते. म्हणजे पांढरा कपडा स्वच्छ असतो असं नाही, तो स्वच्छ ठेवायला भाग पाडतो. शिवाय प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ तसे कोट घालायचे, त्यांचा मान मोठा होता आणि डॉक्टरांनाही तो मान हवा होता. हे दोन्ही हेतू त्या कोटात पहिल्यापासून एकत्र आहेत. एक जंतूंचा, एक रुबाबाचा.

आता गंमत बघा. त्याच फिलाडेल्फियात, या दोन चित्रांच्या मधल्या काळात, आपली आनंदीबाई जोशी शिकत होती. १८८३ साली ती अमेरिकेला गेली आणि मार्च १८८६मध्ये डॉक्टर झाली. १८८५ सालचा तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे. कल्याणची आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली, तिघी एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत, अंगावर दागिने. तेव्हा बायकांनी डॉक्टर होणं हीच मोठी गोष्ट होती, त्यांनी काय घालून डॉक्टर व्हावं याचा नियम अजून कोणी लिहिला नव्हता. त्या फोटोत तिघी तीन देशांच्या दिसतात, पण कोणीही कमी डॉक्टर वाटत नाही. पुतण्याला हा फोटो मी पाठवला आहे.

आता आमच्याकडे येते, नर्सेसकडे.

तुम्ही आम्हाला 'सिस्टर' म्हणता. हा शब्द रुग्णालयातला नाही, मठातला आहे. युरोपात आजाऱ्यांची सेवा शतकानुशतकं जोगिणींनी केली, त्यांचं डोकं झाकलेलं असायचं, आमची टोपी त्या झाकल्या डोक्याची नात. १८३६ साली जर्मनीत कायझर्सवेर्थला एका पाद्र्याने सेविकांची प्रशिक्षण संस्था काढली. तिथे साधा पोशाख आणि पांढरी टोपी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथेच शिकली.

१८५४ साली ती क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी ३८ जणी घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीला गेली. त्यांच्यासाठी करड्या रंगाचे जाडेभरडे झगे, साध्या टोप्या आणि खांद्यावरून 'स्कुटारी हॉस्पिटल' असं भरतकाम केलेला पट्टा. हा पोशाख जंतूंसाठी नव्हता, जंतूंचा विचार तेव्हा रुळलेलाच नव्हता. तो होता ओळखीसाठी. छावणीत हजारो सैनिक, त्यात बायका एकट्या फिरणार. ही 'तसली' बाई नाही, ही रुग्णालयाची आहे, हे दुरून कळावं म्हणून. त्या काळी नर्स म्हणजे दारू पिणारी, चालचलणूक धड नसलेली बाई, असाच लोकांचा समज होता. चांगल्या घरच्या मुलींनी या कामात यावं तर आधी कपड्यांनी त्यांची इज्जत राखायला हवी, असा तो हिशेब.

पण घाईत कपडे शिवताना कोणाचं माप घेतलंच नव्हतं. अंदाजाने शिवले. बुटक्या बाईला लांब झगा, उंच बाईला आखूड. एकीने तर नाइटिंगेलबाईंना सरळ सांगितलं की बाकी सगळं सोसायची तयारी करून आले होते, पण या टोपीचं आधी कळलं असतं तर आलेच नसते. टोपी तिच्या चेहऱ्याला शोभत नव्हती म्हणे. हे वाचलं तेव्हा मी खूप हसले. पण ते मापाचं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे १८८८ साली लष्करी रुग्णालयांसाठी इंग्लंडहून नर्सेसची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली. त्यांचे झगे, त्यांच्या टोप्या, त्यांची शिस्त. सुरुवातीच्या नर्सेस बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिश्चन. कारण उघड आहे. परक्याचं मलमूत्र काढायचं, जात न बघता शिवायचं, रात्रपाळी करायची, हे आपल्या 'घरंदाज' समाजाला सोसणारं नव्हतं. पुढे हिंदू, मुसलमान, नवबौद्ध, आदिवासी घरांतल्या मुली येत गेल्या तशी बऱ्याच ठिकाणी झग्याची साडी झाली. रंग मात्र पांढराच राहिला, टोपीही राहिली.

पण युनिफॉर्म नसतानाही सेवा झालीच की. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला, मग पुण्यात पोचला. पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना आणत होत्या, त्यांची शुश्रूषा करत होत्या. गाऊन नाही, मास्क नाही, हातमोजे नाहीत, अंगावर रोजची साडी. त्यांना प्लेगने गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्याला त्याग म्हणतो, आणि तो होताच. पण मी नर्स आहे, मला दुसरंही दिसतं. सेवा करणाऱ्याच्या अंगावर संरक्षण नसलं की काय होतं, ते दिसतं.

आणि संरक्षणाची साधनं आली कशी, तेही ऐका.

रबरी हातमोजे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सुरू झाले, १८८९-९०च्या सुमारास. पेशंटला जंतू लागू नयेत म्हणून? नाही. कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या ऑपरेशन थिएटरच्या नर्सचे हात जंतुनाशकातल्या पाऱ्याच्या क्षाराने सोलवटले होते. तिच्यासाठी डॉ. हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे बनवून घेतले. पुढे दोघांनी लग्नही केलं. या मोज्यांनी पेशंटचा संसर्गही कमी होतो हे काही वर्षांनी लक्षात आलं. म्हणजे एका नर्सच्या हातांची काळजी घेतली आणि त्यातून जगभरचे पेशंट वाचले.

मास्कचं तसंच. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसांचा प्लेग आला. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी सांगितलं की हा रोग श्वासातून पसरतो, सगळ्यांनी गॉज आणि कापसाचा मास्क बांधा. एक ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर होते, मेस्नी. त्यांनी या तरुण डॉक्टरचं ऐकलं नाही, मास्क न लावता पेशंट तपासले आणि काही दिवसांत प्लेगनेच गेले. त्यानंतर मास्क लावायला कोणाला सांगावं लागलं नाही.

आणि पुतण्याच्या त्या 'हिरव्या पायजम्या'चं उत्तर. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. शर्मन यांनी तक्रार केली की पांढऱ्या थिएटरमध्ये प्रखर दिव्याखाली डोळे दिपतात. लाल रक्ताकडे सतत बघून पांढऱ्याकडे नजर वळवली की डोळ्यांसमोर हिरवट डाग नाचतात. तुम्हीही करून बघा, लाल कागदाकडे मिनिटभर टक लावा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. लालचा विरुद्ध रंग हिरवा, म्हणून त्यांनी थिएटर आणि कपडे हिरवे केले. पुढे निळाही आला. आधी थिएटरपुरता असलेला हा सैल, बिनकॉलरचा, धुवायला सोपा पोशाख आता वॉर्डात आला आहे. तो आळशीपणा नाही बाबा, त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे.

आता माझी साडी.

१९८७ साली नोकरीला लागले. सासूबाई म्हणाल्या, सवाष्णीने पांढरं नेसून घराबाहेर पडायचं? मग तोडगा निघाला. घरून रंगीत साडी नेसून जायचं आणि तिथे बदलायचं. बदलायचं कुठे? चेंजिंग रूम नव्हती. चादरींच्या कपाटामागे एकीने दार धरायचं, दुसरीने साडी बदलायची. साडेपाच मीटर कापड घेऊन सलाइनचे स्टँड, पलंगांच्या दांड्या आणि ऑक्सिजनचे सिलिंडर चुकवत पळायचं. पदर खोचला तरी वाकलं की सुटायचा, कधी कोणाच्या जखमेवर, कधी बेडपॅनमध्ये. टोपीला रोज खळ, चार पिना, आणि मच्छरदाणी बांधताना ती हमखास अडकायची. टोपीने एकही जंतू कधी मेला नाही. पाश्चात्य देशांत ती केव्हाच गेली, आपल्याकडेही बऱ्याच रुग्णालयांतून गेली. मला तिची आठवण येते, पण ती परत यावी असं वाटत नाही.

ड्युटी संपली की ती साडी पिशवीत घालून घरी. रुग्णालयात लॉन्ड्री होती, पण चादरींसाठी आणि थिएटरच्या कपड्यांसाठी. आमचे कपडे आमचे आम्ही धुवायचे. धुलाई भत्ता मिळायचा, तो साबण-नीळ-खळीलासुद्धा पुरायचा नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोरी एक, बादल्या दोन. एक बादली 'आईच्या साडीची' म्हणून वेगळी. पण दोरी एकच, पिळताना हात तेच.

एका पावसाळ्यात वॉर्डात खरजेचे पेशंट खूप होते. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या धाकटीच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसलं. रात्रभर खाजवायची. औषध लावून दोन आठवड्यांत बरी झाली, मोठं काही नव्हतं. पण शाळेत बाईंनी तिला वेगळं बसवलं. ती मला म्हणाली, "आई, तुझ्या दवाखान्याचं मला लागलं ना?" साडीतून आलं की माझ्या हातातून, कोण सांगणार? मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक दिलंच नाही. खरूज होती म्हणून बरं, टीबी असता तर? वरिष्ठांना सांगितलं की आमचे कपडेही लॉन्ड्रीत घ्या. उत्तर मिळालं, "सिस्टर, सगळ्या घरीच धुतात, तुम्हालाच काय वेगळं?"

खरं म्हणजे हा प्रश्न जगभर चर्चेत आहे. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली धोरण आणलं की पेशंटला हात लावणाऱ्याच्या कोपराखाली काही नको. लांब बाही नको, घड्याळ नको, बांगड्या नकोत. तिथल्या डॉक्टरांचा ऐतिहासिक पांढरा कोट त्यामुळे जवळजवळ संपला, आणि हात नीट धुतले जाऊ लागले की नाही याकडे लक्ष गेलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर कपड्यांवर जंतू सापडतात हे नक्की, पण त्यांतून नेमका किती संसर्ग होतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. म्हणून तिथेही घरी धुवायला परवानगी आहे, पण ६० अंश तापमानाच्या पाण्यात किमान १० मिनिटं. म्हणजे मशीन हवं, गरम पाणी हवं. आमच्या मोरीत मार्चपासून एक दिवसाआड पाणी यायचं. आणि आपल्याकडचे इंटर्न आणि विद्यार्थी तोच लांब बाह्यांचा कोट घालून कँटीनमध्ये वडापाव खाताना दिसतातच की.

निवृत्तीला वर्ष राहिलं आणि कोविड आला. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास. पाणी प्यायचं नाही, कारण बाथरूमला जाता येत नाही. पाळी चालू असलेल्या मुलींचे हाल तर विचारूच नका. आणि माप! आलेली किट बहुतेक मोठ्या पुरुषाच्या मापाची. आमच्या वॉर्डातली एक मुलगी जेमतेम पाच फूट, तिने कमरेला आणि पोटऱ्यांना चिकटपट्टी गुंडाळून तो पोशाख आवळला होता. १८५४ सालच्या स्कुटारीच्या बायका मला तेव्हा आठवल्या. १६६ वर्षं झाली, बाईचं माप घ्यायचं अजून राहिलंच होतं.

आता आशाताईंचं बोलू, त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशा नेमल्या. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार आहेत. त्यांना गणवेशाची साडी आहे, ओळखपत्र आहे, रजिस्टर आहे. गणवेश घालून घरोघर फिरायचं, बैठकीला गणवेशात यायचं. पण कागदावर त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत, पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या आणि २०२४च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्याच गणवेशाच्या साडीत. सरकारने ओळख दिली, हक्क दिला नाही. युनिफॉर्मचा हा सगळ्यात स्वस्त वापर.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. रुग्णालयातल्या माणसांच्या कपड्यांवर जेव्हा जेव्हा बोललं जातं तेव्हा ते दिसण्यावर बोललं जातं. २०२३ साली हरियाणा सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी ड्रेस कोड आणला तेव्हाही चर्चा झाली ती जीन्सची, मेकअपची अन् केशरचनेची. वाढलेली नखं नकोत हे मलाही मान्य, त्याला शास्त्र आहे. पण लिपस्टिकने कोणाला संसर्ग झाल्याचं मी ३४ वर्षांत पाहिलं नाही. मावशी आणि मामा, म्हणजे आपले सफाई आणि वॉर्डचे कामगार, साध्या चपलेत आणि फाटक्या मोज्यांत सुयांचा कचरा उचलताना मात्र रोज पाहिले. त्यांच्या पोशाखाची बातमी होत नाही.

ओळख हवी, हे पुतण्याचं म्हणणं मला मान्य आहे. पेशंटला समोर कोण आहे हे कळायलाच पाहिजे. पण त्याला पांढरी साडी कशाला? मोठ्या अक्षरांत मराठीत नाव आणि हुद्दा लिहिलेला बिल्ला पुरतो, प्रत्येक हुद्द्याला वेगळा रंग पुरतो.

केंद्र सरकारच्या नर्सेसना सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७पासून, महिना १८०० रुपये ड्रेस अलाउन्स ठरला. चांगलं झालं. पण भत्ता दिला की बादली घरातच राहते. खासगीत काम करणाऱ्या, मला भेटणाऱ्या मुली तर सांगतात की युनिफॉर्मचे पैसे पहिल्याच पगारातून कापून घेतले. माझ्या मते मागणी भत्त्याची नको, लॉन्ड्रीची हवी. जिथे थिएटरचे कपडे धुतले जातात तिथेच नर्सचे, मावशीचे, मामाचे कपडे धुतले जावेत. ड्युटीवर आल्यावर स्वच्छ जोड मिळावा, जाताना तिथेच टाकून जावा. आणि बदलायला कडी लागणारी एक खोली असावी. ज्या रुग्णालयाला एमआरआय मशीन परवडतं त्याला हे परवडायला हरकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नातेवाइकाला भेटायला रुग्णालयात गेलात तर सिस्टरच्या कपड्याचा रंग बघू नका. तिला सहज विचारा, "सिस्टर, हा ड्रेस धुता कुठे?" ती आधी चमकेल, मग सांगेल. आणि गावातल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारायची संधी मिळाली तर तिथेही हाच प्रश्न विचारा.

माझी धाकटी आता स्वतः आई आहे. परवा ही पोस्ट लिहून तिला वाचायला दिली. खरजेपाशी थांबली आणि म्हणाली, "हे मला आठवतच नाही गं." मला आठवतं.